सिद्ध न झालेला वास

मी नोकरीत होते तोवर आमच्या घरी सकाळची फोडणी झाली नाही. हिंग नाही, लसूण नाही, केसांना तेल नाही, अंगाला पावडर नाही आणि देवापुढे उदबत्ती तर नाहीच नाही. सासूबाई पुण्याहून पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांना वाटलं, सून अमेरिकेत जाऊन बाटली. श्रीधरने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, त्यांना समजावलं, "आई, तिला नाकाचा पगार मिळतो. नाक कोरं ठेवावं लागतं." त्यावर सासूबाई म्हणाल्या, "ठेवू दे की. पण देवाने तिचं काय घोडं मारलंय?" त्या होत्या तेवढे दिवस घरात उदबत्ती लागली आणि मी गॅरेजमध्ये कपडे बदलून कामावर गेले.

मी हवेच्या सरकारी खात्यात इन्स्पेक्टर होते. नागपूरला केमिस्ट्री शिकले, लग्न होऊन फ्रीमाँटला आले, मुलं शाळेत जायला लागल्यावर ही नोकरी धरली आणि रिटायर होईपर्यंत सोडली नाही. आमच्या आसपास सगळे कॉम्प्युटरवाले. पार्टीत कुणी विचारलं, "वहिनी कुठे असतात?" की श्रीधर सांगायचा, "ती हुंगते." लोक हसायचे. मीही हसायचे, पण घरी येताना गाडीत त्याच्याशी बोलायचे नाही.

कारखाना, कचरा डेपो, रंगाचं वर्कशॉप, कशाचाही वास आला की लोक आमच्याकडे फोन करतात. लोकांना वाटतं आमच्याजवळ एखादं यंत्र असेल, टूं टूं वाजणारं. यंत्रं आहेत, पण दुर्गंधीला अजून माणसाचंच नाक लागतं, आणि ते सरकारी असावं लागतं. तुम्हाला वास येतोय एवढ्याने काही होत नाही. मी तिथे पोचायचं, तुमच्या शेजारी उभं राहायचं, दोघांना एकाच जागी एकाच वेळी तोच वास यायला हवा. मग वाऱ्याच्या उलट दिशेने जात जात वास निघतो त्या जागेपर्यंत पोचायचं. त्या जागेच्या पलीकडे जाऊन खात्री करायची की तिथे वास नाही, म्हणजे तो इथूनच निघतो. एवढं झालं की तक्रार सिद्ध. मी पोचायच्या आत वारा फिरला तर तक्रार असिद्ध. माणूस खोटं बोलतो असा त्याचा अर्थ नसतो, पण ऐकणाऱ्याला तसंच वाटतं आणि तो चिडतो.

आणि एका घराने भागत नाही. एकाच दिवशी पाच वेगवेगळ्या घरांच्या तक्रारी सिद्ध झाल्या, तर ती सार्वजनिक पीडा ठरते आणि कंपनीला नोटीस बसते. चार घरं रडत असतील तर ते त्यांचं खाजगी दुःख. हा नियम मी केलेला नाही, पण लोकांना तो तोंडावर सांगायचं काम माझं होतं.

नमुने खूप भेटले. सांता क्लाराच्या एका इंजिनिअरने दुर्गंधीचा रंगीत आलेख काढून ठेवला होता. वास निघाला त्याच्याच गाडीच्या डिकीत विसरलेल्या कोबीचा. एका बाईंची तक्रार बेकरीविरुद्ध होती, कारण त्या डाएटवर होत्या. एकदा तक्रार आली की शेजारच्या घरातून रोज घशाला झोंबणारा धूर येतो, आणि साहेबाने मुद्दाम की न कळत, मलाच पाठवलं. दार उघडलं एका तेलुगू बाईंनी, हातात झारा. आम्ही एकमेकींकडे बघतच राहिलो. एक्झॉस्ट चालू करत जा, एवढं मी त्यांना सांगितलं. मिरच्या कुठून आणता तेही विचारून घेतलं.

हे सांगून लोकांना हसवता येतं. नलिनीकाकूंचं सांगून हसवता येत नाही, म्हणून मी ते आजवर कुठल्या पार्टीत सांगितलेलं नाही.

सांता क्लारापासून दक्षिणेला दीडएक तास गेलं की कंपन्यांच्या काचेच्या इमारती संपतात आणि शेती लागते. तिथे डोंगराच्या पायथ्याशी एक गल्ली आहे. मोजकी घरं, आणि त्यांच्या मागे फुलांची जुनी ग्रीनहाउसं. पूर्वी तिथे शेवंती व्हायची. परदेशातून स्वस्त फुलं यायला लागली तसे फुलवाले बुडाले. गांजा कायदेशीर झाल्यावर एका कंपनीने ती जागा घेतली आणि त्याच काचांखाली गांजा लावला. गांजाला फुलं धरली की वास सुटतो, आणि कापणीच्या दिवसांत तर काही विचारू नका. इकडे स्कंक नावाचा मांजराएवढा प्राणी असतो. तो घाबरला की असा काही फवारा मारतो की घरच्या कुत्र्यावर पडला तर कुत्र्यालाही घरात घेववत नाही. हा वास तसाच. दिवसभर तो वर जातो, संध्याकाळी हवा गार झाली की खाली उतरतो आणि गल्लीत ठाण मांडून बसतो. त्याला खरा उपाय कोळशाचे फिल्टर. कंपनीने त्याऐवजी कुंपणाला नळ्या लावून सुगंधी वाफ सोडली. मग स्कंकला लिंबाच्या साबणाने आंघोळ घातल्यासारखा वास येऊ लागला.

मी पहिल्यांदा गेले ती डोनाच्या तक्रारीवरून. डोना शाळेची बस चालवून रिटायर झालेली बाई, तोंडाने फटकळ आणि मनाने सरळ. तिच्या अंगणात मी दोन श्वास घेतले आणि तक्रार सिद्ध झाली. मग ती म्हणाली, "शेजारी जा. त्यांचाही फोन गेलाय. पण ती बाई विचित्र आहे. आधी तक्रार करते, आणि तुमचं माणूस आलं की म्हणते, आत या, काही त्रास नाही."

त्या शेजारच्या घराच्या पायरीवर पाय ठेवला आणि मला कळलं, घर आपलं आहे. धुपाचा वास, त्यावर कापूर, त्यावर कांदेपोह्यांची फोडणी. दार उघडलं ते पंचाहत्तरीच्या नलिनीकाकूंनी. पॅन्ट, स्वेटर, कपाळाला बारीक टिकली. माझ्या छातीवरचं नाव वाचून त्या म्हणाल्या, "शुभदा? अगंबाई, मराठी! फोनवर त्यांनी नुसतं इन्स्पेक्टर निघालाय म्हणून सांगितलं. ये, आत ये."

"काकू, वास कुठे येतो तेवढं दाखवा."

"आता नाही येत. मी घालवला. त्यांचा फोन आल्यापासून खपतेय. खिडक्या लावल्या, धूप घातला, पोहे केले. घरात माणूस येणार आणि आपलं घर असलं घाण मारत ठेवायचं का गं?"

मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला. दुर्गंधी तपासायला येणाऱ्या बाईसाठी दुर्गंधी घालवून ठेवली होती. बरं, काकूंचंही काय चुकलं? आपल्यात पाहुणा येणार म्हटलं की आधी घर आवरतात, आणि त्यांच्या दृष्टीने मी पाहुणीच होते. मी मागच्या अंगणात जाऊन प्रयत्न केला, पण धुपाने नाक बधिर झालं होतं. बधिर नाकाने मी काही लिहून दिलं आणि कंपनीच्या वकिलाने ते उकरून काढलं, तर डोनाचीही तक्रार बुडाली असती. तक्रार असिद्ध, असं मी काकूंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "असू दे. पोहे तरी खा." तक्रारदाराच्या घरी खायचं नाही असा आमचा नियम. त्यांचा चेहरा इतका उतरला की मी निदान पाणी प्यायले.

आतल्या खोलीत काका खुर्चीवर बसले होते. उंच, ताठ, शर्टाची सगळी बटणं लावलेली. केमिकल इंजिनिअर. सगळी नोकरी तेलाच्या रिफायनरीत गेली, शेवटी तिथल्या सुरक्षेचे मुख्य होते. मला बघून उठून उभे राहिले, हात जोडले, आणि काकूंना विचारलं, "या कोण?" मी नाव सांगितलं. जरा वेळाने पुन्हा विचारलं, "या कोण?" तेव्हा माझ्या लक्षात आलं.

काकू मला सोडायला गाडीपर्यंत आल्या आणि तिथे खरं काय ते बोलल्या. "मला वासाचं काही नाही गं. मी नाक दाबून जगेन. पण ह्यांना तो गॅस वाटतो."

हे समजावून सांगायला हवं. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात गंधकाच्या जातीचं एक घाणेरडं द्रव्य मुद्दाम मिसळतात. गांजाच्या फुलाला जो स्कंकसारखा वास येतो, तो त्याच द्रव्याच्या भाऊबंदांचा. तुमच्याआमच्या नाकाला फरक कळतो, कारण मागे मेंदू सांगतो की बाई, हा शेजारचा गांजा, गॅस नव्हे. काकांचा मेंदू ते सांगेनासा झाला होता. उलट चाळीसएक वर्षांची सवय सांगत होती, गळती, सगळ्यांना बाहेर काढा. संध्याकाळी वास उतरला की ते ताडकन उठायचे, शेगडीची बटणं बंद, बाहेरचा गॅसचा मेन कॉक पान्याने बंद, दारं सताड उघडी, आणि रस्त्यावर. काकूंनी दाराला वर कडी लावून घेतली, ती काकांनी उपटली.

"निखिल म्हणतो, विकून टाका घर आणि बेलव्ह्यूला या," काकू म्हणाल्या. निखिल त्यांचा मुलगा, अमेरिकेतच जन्मलेला, नोकरीसाठी उत्तरेला दुसऱ्या राज्यात राहणारा. "तिथे अशा माणसांसाठी होम आहे म्हणे, फार चांगलं. अगं, पण ह्यांना आता हे घरच तेवढं ओळखू येतं. बाथरूम कुठे, लिंबाचं झाड कुठे, माझी बाजू कुठली. इथून हलवलं तर काय उरेल? वास थांबला की हे शांत बसतील. तू वास थांबव."

दुसऱ्यांदा गेले तेव्हा धूप नव्हता, पण खोलीत लव्हेंडरच्या मेणबत्त्या होत्या. "तू येणार म्हणून राहवलं नाही," काकू म्हणाल्या. त्यानंतर एकदा नुसता शिरा केला होता, पण बेलदोडे घालून, आणि खिडक्या बंद. प्रत्येक वेळी असिद्ध. गल्लीत डोना धरून चार घरं होती जी अंगणात उभी राहून वास दाखवत. पाचवं घर काकूंचं. पलीकडची दोन घरं कंपनीत काम करणाऱ्यांची, ती कशाला बोलतील?

काकूंचा संकोच एवढाच नव्हता. मंडळाच्या गणपतीला त्या गेल्या तेव्हा वास त्यांच्या शालीत बसलेला होता. कुणीतरी जवळ घेतलं, हुंगलं, आणि सगळ्यांसमोर म्हणालं, "काय काकू, तुम्हीसुद्धा? क्या बात है!" सगळे खो खो हसले. काकूही हसल्या आणि परत कधी मंडळात गेल्या नाहीत. या वासाबद्दल लोकांचं म्हणणं ऐकायला खात्याने सुनावणी ठेवली होती, तिथे येऊन दोन शब्द बोला म्हटलं तर त्या माझ्यावर उखडल्या. "माइकवर उभी राहून गांजा म्हणू? या वयात? मला नाही जमणार." शब्दसुद्धा त्या अर्धवटच उच्चारायच्या.

शेवटी डोनानेच त्यांना वळवलं. ती येऊन म्हणाली, "नलिनी, तू घर स्वच्छ ठेवतेस त्याने कंपनीचं भलं होतं." काकूंनी मला फोन केला. "कापणी सुरू झालीय. उद्या संध्याकाळी मी काही लावणार नाही. काही शिजवणार नाही. खिडक्या उघड्या ठेवीन. तू ये आणि काय हुंगायचं ते हुंग." मी विचारलं, "आणि काका?" त्या म्हणाल्या, "जेवून झोपतात संध्याकाळचे. तेवढ्यात होईल."

मी त्यांना थांबवायला हवं होतं का? पुष्कळदा विचार केला. नियम असा होता की वास त्यांच्या घराच्या आवारात यायला हवा, काकू माझ्या शेजारी उभ्या असायला हव्यात आणि दोघींना तो एकदम यायला हवा. दुसरा रस्ता नव्हता. आज कुणी विचारलं तर मला हेच सांगावं लागेल.

त्या संध्याकाळी डोना आणि इतर तिघांच्या तक्रारी भराभर सिद्ध झाल्या. मग मी काकूंच्या घरी गेले. घरात पहिल्यांदाच धुपाचा, फोडणीचा, कशाचाही वास नव्हता, आणि काकू दारात अशा उभ्या होत्या की घर पुसायचं राहिल्याची लाज वाटतेय. आम्ही मागच्या अंगणात लिंबाच्या झाडाखाली उभ्या राहिलो. हवा इथेही उतरली. आधी लिंबाचा साबण, मग मागून तो. काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. पाचवं घर सिद्ध झालं. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या म्हणाल्या, "झालं ना गं? आता थांबेल ना?"

आम्ही आत आलो तर पुढचं दार उघडं होतं. काकांच्या अंथरुणावर कुणी नव्हतं. शेगडीची बटणं बंद. बाहेर मीटरजवळ मेन कॉक आडवा केलेला आणि पायरीवर पाना पडलेला. काकूंनी हाक मारली नाही. त्या सरळ चपला न घालता रस्त्यावर धावल्या आणि मी त्यांच्या मागे. मला वाटलं हायवेकडे गेले असतील. पण काका हायवेकडे गेले नव्हते. ते वासाच्या दिशेने गेले होते, जसं मी जाते तसंच, वाऱ्याच्या उलट.

ग्रीनहाउसचं फाटक उघडं होतं. आतल्या आवारात हातमोजे आणि केसांना जाळ्या घातलेल्या बायका आणि पुरुष रांगेत उभे होते, सगळे मेक्सिकन, आणि काका त्यांच्यासमोरून चालत त्यांना मोजत होते. पायात काही नव्हतं, एका अंगठ्यातून रक्त येत होतं. रांगेच्या टोकाला लुपे होती, त्यांची मुकादम. तिला मी आधीच्या तपासणीपासून ओळखत होते. ती हळूच म्हणाली, "आजोबा आत शिरले आणि ओरडायला लागले, बाहेर व्हा, स्फोट होईल. गार्ड त्यांना धरायला गेला. मीच म्हटलं, नको, आपण बाहेर येऊ. माझे वडील असेच होते. मोजून झालं की शांत होतात." गार्डने तोवर पोलिसांना फोन केला होता.

काकांनी मला पाहिलं. माझ्या अंगावर खात्याचं जाकीट होतं, छातीवर बिल्ला. ते माझ्यासमोर येऊन ताठ उभे राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "एव्हरीबडी इज आउट. एरिया इज क्लिअर." इतका लख्ख भानावरचा माणूस मी त्यांच्यात आधी पाहिला नव्हता. मी म्हटलं, "थँक यू, सर." दुसरं काय म्हणणार होते?

तेवढ्यात काकू पुढे झाल्या आणि त्यांचा दंड धरला. "अहो, चला ना घरी." काकांनी त्यांच्याकडे परक्या माणसाकडे बघावं तसं बघितलं, हात सोडवला आणि सौम्यपणे म्हणाले, "मॅम, प्लीज. स्टँड विथ द अदर्स." मग काकू गेल्या आणि लुपेच्या शेजारी रांगेत उभ्या राहिल्या. काकांनी त्यांना मोजलं. पोलीस येईपर्यंत त्या तिथेच उभ्या होत्या, अनवाणी, आणि लुपेने त्यांचा हात हातात घेतला होता. माझं काम अर्धं राहिलं होतं म्हणून मी ग्रीनहाउसच्या पलीकडे जाऊन वास तपासून आले. तिथे नव्हता. परत येऊन मी नोटीस लिहिली आणि ती कंपनीच्या माणसाच्या हातात दिली. माझ्या सगळ्या नोकरीत इतकी निर्दोष नोटीस मी दिली नसेन, आणि ती देताना मला माझीच शिसारी आली.

पोलीस चांगले वागले. पण म्हातारा माणूस घरातून निघून गेला, बायकोला ओळखलं नाही, हे त्यांना वर कळवावंच लागलं. दोन दिवसांत निखिल बेलव्ह्यूहून आला. चाळिशीचा, थकलेला, सभ्य मुलगा. काकूंनी मला बोलावून घेतलं होतं. माझ्यासमोर त्या त्याला म्हणाल्या, "आता नोटीस बसलीय. हिला विचार. वास थांबला की बाबा ठीक राहतील."

निखिल माझ्याकडे वळला. "मावशी, टेल मी ऑनेस्टली. कधी थांबेल? नेक्स्ट वीक? नेक्स्ट मंथ?"

काकू माझ्याकडे बघत होत्या. त्या दोघांमध्ये त्या घराचा निकाल माझ्या एका वाक्यावर अडला होता. कंपनी नोटिशीविरुद्ध जाणार, सुनावण्या होणार, वकील तारखा घेणार, मग कदाचित फिल्टर. मी इतकी वर्षं खात्यात काढली होती, मला माहीत होतं. मी म्हटलं, "वर्ष लागेल. दोनही लागतील. सांगता येत नाही."

"आई," निखिल म्हणाला, "आय कान्ट डू धिस फ्रॉम बेलव्ह्यू."

काकू उठल्या, आत गेल्या आणि भांडी आवरायला लागल्या. मी निघताना त्या दारापर्यंत आल्या नाहीत. मला त्याचं वाईट वाटलं आणि रागही आला. मी काय खोटं सांगायचं होतं? आजही कधीकधी वाटतं, सांगायचं होतं.

घर विकायला निघालं. इथल्या कायद्याने विकणाऱ्याला सांगावं लागतं की मागे गांजाची शेती आहे, वास येतो. सांगितलं नाही तरी काय, लोक गाडीतून उतरायचे, नाक वर करायचे आणि परत गाडीत बसायचे. शेवटी एक गिऱ्हाईक आलं आणि घर गेलं. ते गिऱ्हाईक म्हणजे ती कंपनीच होती, दुसऱ्या नावाने. काकूंच्या स्वयंपाकघरात आता त्यांच्या मॅनेजरचा संसार आहे.

डोनाने मला फोन करून हे सांगितलं. ती रडत नव्हती, पण आवाज बरा नव्हता. "आता आम्ही चार राहिलो," ती म्हणाली. तिने हिशेब बरोबर केला होता. त्या नोटिशीवर कंपनीने दंड भरून प्रकरण मिटवलं, फिल्टर एका शेडला बसवले, बाकीच्यांना नाही. वास येतच राहिला. पण पाच घरं पुन्हा कधी भरली नाहीत, त्यामुळे आमच्या दप्तरी त्या गल्लीतला त्रास संपला. साहेबांनी मीटिंगमध्ये त्या भागाचं कौतुक केलं. मी खाली मान घालून बसले होते.

रिटायर झाल्यावर भाचीकडे म्हणून मी बेलव्ह्यूला गेले आणि धीर करून काकूंना फोन केला. त्या म्हणाल्या, "ये की. दुपारी ह्यांच्याकडे जाते, तिथेच ये." रागाचा मागमूस नव्हता, त्यामुळे मला जास्तच अपराध्यासारखं झालं.

होम खरोखर चांगलं होतं. मोठ्या खिडक्या, बाहेर देवदारासारखी झाडं, नर्सेस प्रेमळ. हवा इतकी स्वच्छ की माझ्या नाकाला करायला काही उरलं नव्हतं. काका खिडकीपाशी बसले होते. मी हात जोडले. त्यांनी जोडले नाहीत. या कोण, असंही विचारलं नाही. काकूंनी त्यांना केळं भरवलं, तोंड पुसलं, शर्टाचं उघडं राहिलेलं बटण लावलं. ते कुठेही बघत नव्हते.

बाहेर बाकावर बसल्यावर काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "इथे निदान ते शांत आहेत."

"शांत आहेत," काकू म्हणाल्या. "तुला सांगू? तिकडे रोज संध्याकाळी ते उठले की आधी माझ्याकडे यायचे. मनगट धरायचे आणि म्हणायचे, नलू, तू पहिली बाहेर हो. मग बाकीचं. रोज. मी किती वैतागायचे, ओढाताण करायचे, तुला फोन करायचे. इथे आल्यापासून ते एकदाही घाबरले नाहीत. आणि एकदाही मला नलू म्हणाले नाहीत."

मी त्यांच्याजवळ सरकून बसले.

"इथे कोपऱ्यावर दुकान आहे," त्या म्हणाल्या. "गांजाचं." पूर्ण शब्द उच्चारला. "मी गेले आत. तो मुलगा म्हणाला, आजी, गुडघ्यांसाठी हवंय का? मी म्हटलं, नाही, मला सगळ्यात जास्त वास मारणारा दे. बरण्या उघडून उघडून हुंगवल्या त्याने. मी बरोबर तो ओळखला. आपल्या गल्लीतला. रुमालात बांधला आणि ह्यांच्याकडे आणला. दार लावून घेतलं आणि नाकापाशी धरला."

"मग?"

"दोनदा श्वास घेतला त्यांनी. मला वाटलं, आता उठतील." काकू म्हणाल्या. "मी मनगट पुढे करून उभी होते गं. त्यांनी रुमाल घेतला, त्याने नाक पुसलं आणि परत माझ्या हातात दिला."

त्या रडल्या, आणि मीही रडले. मग नर्सने हाक मारली, काकांच्या आंघोळीची वेळ झाली होती, आणि काकू डोळे पुसून आत गेल्या.